थोरवी मान्य, आनंद मात्र होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थोर गायक-वादकांवर आपल्या वृत्तपत्रात येणारे लेख मी अनेक वर्षे आवर्जून वाचत आले आहे. कधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने, कधी स्मृतिदिनाला, तर कधी एखादे जुने ध्वनिमुद्रण नव्याने उपलब्ध झाले म्हणून ते लिहिले जातात आणि त्यांतून मला पुष्कळ शिकायला मिळाले आहे. मात्र अशा लेखनात, ते कोठेही छापलेले असो, एक विधान वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटते. अमुक कलावंताचे गाणे ज्याला भिडत नाही त्याचे कान अजून तयार झालेले नाहीत, असा त्याचा आशय असतो. तेथे मी दर वेळी अडखळते, कारण काही सर्वमान्य कलावंतांच्या बाबतीत मी नेमकी तशीच ऐकणारी आहे. त्यांची थोरवी मला कळते, ती मी दुसऱ्याला समजावूनही सांगू शकते, पण त्यांचे संगीत ऐकताना मला आनंद होत नाही. हे उघडपणे लिहिणे उद्धटपणाचे वाटू नये म्हणून मी आजवर गप्प राहिले. आता तसे राहणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते, म्हणून हे पत्र.

मला सर्वांत जवळचे आणि म्हणूनच उच्चारायला सर्वांत अवघड असलेले नाव उस्ताद अमीर खाँ यांचे आहे. ख्यालगायनावर माझे आयुष्यभर प्रेम आहे आणि विसाव्या शतकात ख्यालाला नवे वळण देणाऱ्या मोजक्या गायकांत अमीर खाँ यांची गणना होते. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७१ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९७४ साली अपघातात त्यांचे निधन झाले, तरी त्यांच्या गायकीचा प्रभाव ओसरला नाही. गायकांवर तर तो पडलाच, पण निखिल बॅनर्जी यांच्यासारख्या सतारवादकानेही आपण त्यांच्याकडून काय घेतले हे कृतज्ञतेने मान्य केले. अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लय, बहुधा झूमऱ्यासारखा चौदा मात्रांचा ताल, तबल्यावर कोणतीही कलाकुसर नसलेला सरळ ठेका, खर्जाकडे झुकणारा घनगंभीर आवाज आणि मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांचा क्रम पद्धतशीरपणे बदलत जाण्याच्या अंगाने केलेली स्वरांची उलटापालट, ही त्यांच्या गाण्याची ओळख आहे. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन त्यांच्या ५,०४० मांडण्या होऊ शकतात. त्या हिशेबाचा वास न येऊ देता त्यातून राग उभा करायचा, हे काम किती अवघड आहे याची मला जाणीव आहे. मारव्याचे त्यांचे ध्वनिमुद्रण जाणकार आदर्श मानतात. षड्जावर विसावा न घेता कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये तो राग इतका वेळ तोलून धरण्याचे धैर्य फार थोड्या गायकांत असते, हेही मला मान्य आहे.

माझी अडचण लयीशी आहे. ख्यालात मला धरून ठेवते ती समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची ओढ. तालाचे आवर्तन, म्हणजे एक फेरा भरत आला की गायक मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांकडे कसा वळतो, उरलेल्या दोन-तीन मात्रांत शब्द कसे बसवतो, समेला थेट येतो की तिला किंचित हुलकावणी देऊन येतो, हे ऐकताना माझा श्वास नकळत त्याच्या श्वासाशी जुळतो. अमीर खाँ यांच्या अतिविलंबितात एका आवर्तनाला मिनिटाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्या अवधीत माझ्यातली वाट पाहण्याची वृत्तीच विरून जाते. सम येते, पण ती आली हे मला ठेक्यावरून कळते, आतून कळत नाही. त्यांच्या चाहत्यांना नेमके हेच हवे असते याची मला कल्पना आहे. कालाचे भान सुटणे हाच त्यांचा आनंद आहे, आणि मला मात्र ते भान सुटले की गाण्याचा हात सुटल्यासारखे होते.

यावर उपाय करण्यात मी कसूर केलेली नाही. ज्यांच्याकडे मी काही वर्षे गाणे शिकले त्यांचे अमीर खाँ हे दैवत होते. त्यांनी शेजारी बसवून एकेक जागा दाखवली. एखादी स्वरसंगती आधी कोठे येऊन गेली होती, आता तिच्यात कोणता स्वर मागेपुढे झाला, सरगम घेताना लयीशी काय नाते राखले, हे सारे त्यांनी बोट ठेवून सांगितले आणि मला ते सारे दिसले. बोटांवर मात्रा मोजत ऐकून झाले, मात्रा मोजायचे पूर्णपणे सोडून देऊन ऐकून झाले, अपरात्री एकटीने ऐकून झाले. दर वेळी समज थोडी वाढली आणि आनंद होता तेथेच राहिला. गुरूंना मी हे अखेरपर्यंत सांगू शकले नाही. त्यांच्यासमोर मी मान डोलावत राहिले, आणि त्या मान डोलावण्याची खंत मला आजही आहे.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले आणि ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. क्षयाच्या आजाराने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर, काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा गाऊ लागले. त्यानंतरच्या त्यांच्या गाण्याविषयी जाणकारांतही दोन तट होते. लहान लहान स्वरसमूह, मध्येच येणारी शांतता आणि अचानक वर फेकलेला एखादा धारदार स्वर, हे सारे माझ्या कानाला आरंभी तुटक वाटले. अखंड आलापीची सवय झालेल्या मनाला त्या रिकाम्या जागा खटकत. पुढे कित्येक वर्षांनी, कोणताही वेगळा प्रयत्न न करता, त्या रिकाम्या जागांमध्येही राग चालूच असतो हे माझ्या लक्षात आले, आणि तेव्हापासून त्यांचे गाणे माझ्या नित्याच्या ऐकण्यात आहे. म्हणून ‘पुन्हा ऐका’ हा सल्ला मी कधीही धुडकावत नाही. नुसत्या परिचयानेही आवड वाढते हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवून दिले होते, आणि कुमारांच्या बाबतीत ते माझ्यापुरते खरेही ठरले. परंतु जो उपाय एका ठिकाणी लागू पडला तोच दुसऱ्या ठिकाणी, त्याहून अधिक वर्षे करूनही, लागू पडला नाही. तेव्हा ‘पुरेसे ऐकले नसेल’ हे उत्तर प्रत्येक वेळी पुरेसे ठरत नाही, असे मी अनुभवाने म्हणू शकते.

या बाबतीत मला सर्वांत मोठा आधार वाटतो तो रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांच्या वागण्याचा. १८७६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे संगीतकार वाग्नर यांच्या चार संगीतनाटकांची मालिका प्रथमच संपूर्ण सादर झाली. चारही प्रयोगांचे मिळून सुमारे पंधरा तासांचे संगीत होते आणि युरोपातील संगीतजगत तेथे लोटले होते. चायकोव्हस्की तेथे मॉस्कोच्या एका वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून गेले होते, म्हणजे आपल्याच व्यवसायाचे एक काम त्यांच्याकडे होते. शेवटच्या नाटकाचे अखेरचे स्वर विरले तेव्हा आपण बंदिवासातून सुटलो असे वाटले, असे त्यांनी भावाला पत्रातून कळवले. वृत्तपत्रासाठी लिहिताना त्यांना दोन सोपे मार्ग उपलब्ध होते. खाजगीत कंटाळा आणि जाहीरपणे स्तुती हा एक, आणि स्वतःला कंटाळा आला म्हणून सारे टाकाऊ ठरवणे हा दुसरा. त्यांनी तिसरा मार्ग धरला. ही मालिका ठिकठिकाणी कंटाळवाणी वाटू शकते, तिच्यातील पुष्कळसे दुर्बोध राहते, हे त्यांनी लपवले नाही, आणि तरीही कलेच्या इतिहासातील ही अत्यंत महत्त्वाची घटना आहे, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. न आवडलेल्या थोर कलाकृतीविषयी वाचकांसाठी कसे लिहावे याचा याहून चांगला नमुना माझ्या माहितीत नाही.

जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्याविषयी चायकोव्हस्की इतके संयमी राहिले नाहीत. १८८६ सालच्या दैनंदिनीत त्यांनी ब्राम्स यांना प्रतिभाशून्य ठरवले आहे आणि तेथील शब्द शिवीच्या जवळ जाणारे आहेत. योगायोग असा की दोघांचाही जन्मदिवस ७ मे हाच होता. १८८८ च्या पहिल्याच दिवशी लाइपझिग येथे एका स्नेह्याच्या घरी दोघांची भेट झाली, आणि ज्याचे संगीत रुक्ष वाटत होते तो माणूस चायकोव्हस्कींना मात्र आवडला. पुढच्या वर्षी हॅम्बर्गमध्ये चायकोव्हस्कींच्या पाचव्या सिंफनीची तालीम ऐकण्यासाठी ब्राम्स यांनी आपला मुक्काम एका दिवसाने वाढवला, तालमीनंतर दोघे एकत्र जेवले, आणि सिंफनीचा शेवटचा भाग आपल्याला आवडला नाही हे ब्राम्स यांनी स्वच्छ सांगितले. चायकोव्हस्कींनी या मोकळेपणाचे कौतुकच केले. दोघांचीही जागा संगीताच्या इतिहासात पक्की आहे. एकमेकांचे संगीत न आवडल्याने त्यांच्यापैकी कोणाचेही कान कच्चे ठरत नाहीत आणि कोणाचीही रचना उणी ठरत नाही.

येथे कोणी म्हणेल की ते स्वतः निर्माते होते, त्यांना आपला मार्ग राखण्यासाठी दुसऱ्याचा मार्ग नाकारावाच लागतो, सामान्य श्रोत्याला ती सवलत कशी मिळेल? मला हा आक्षेप गंभीर वाटतो. परंतु मग अमेरिकन जॅझ संगीतकार जॉन कोल्ट्रेन यांच्या साथीदाराचे काय करायचे? सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन यांचे १९६० ते १९६४ या काळातील वादन मला अतिशय प्रिय आहे, आणि १९६५ पासूनचे, म्हणजे ठरलेली लय आणि स्वरांची चौकट त्यांनी जवळजवळ सोडून दिल्यानंतरचे वादन मला सोसत नाही. अनेक जाणकार त्यांची खरी झेप या शेवटच्या दोन-अडीच वर्षांतच पाहतात. पियानोवादक मॅकॉय टायनर १९६० पासून त्यांच्या समूहात होते, म्हणजे कोल्ट्रेन यांचे संगीत त्यांच्याइतके जवळून आणि त्यांच्याइतक्या वेळा ऐकलेली माणसे जगात हातावर मोजण्याइतकीच असतील. १९६५ च्या अखेरीस टायनर समूहातून बाहेर पडले. आपल्याला फक्त गोंगाट ऐकू येत होता, त्या संगीताविषयी मनात काही भावना उरली नव्हती, आणि भावना नसेल तेथे आपण वाजवत नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. थोड्याच दिवसांत ड्रमवादक एल्विन जोन्सही निघाले. या दोघांचे कान तयार नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन यांच्याविषयी माझी स्थिती वेगळी आहे, कारण तेथे अडथळा लयीचा किंवा रचनेचा नाही, आवाजाचाच आहे. २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा गीतकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलावंताला ते मिळावे की नाही यावर पुष्कळ चर्चा झाली. मी त्यांची गीते कागदावर वाचली आहेत आणि त्या निवडीविषयी माझ्या मनात किंतु नाही. शब्द कागदावरून उठून त्यांच्या गळ्यात गेले की मात्र माझे मन मागे सरते. तो अनुनासिक, खरखरीत आवाज, वाक्याच्या शेवटी स्वर खाली सोडून देण्याची ती पद्धत, यांच्याआड मला शब्द दिसेनासे होतात. त्यांचे चाहते म्हणतात की गोड गळ्याने ही गीते निव्वळ सुखद झाली असती आणि त्या खरखरीमुळेच त्यांतले सत्य टोचते. हा युक्तिवाद मला पटतो. माझा कान मात्र अर्थाच्या आधी आवाजाचा पोत ऐकतो आणि तेथेच थबकतो. त्यांचीच गीते इतर गायकांकडून ऐकताना मी हेलावून गेले आहे. तेव्हा त्या गीतांशी माझे वैर नाही, हे मला खात्रीने सांगता येते.

पियानोवादक ग्लेन गूल्ड यांच्याविषयी थोडक्यात लिहिते. बाख यांच्या रचनांचे १९५५ सालचे त्यांचे ध्वनिमुद्रण पियानोवादनाच्या इतिहासातील टप्पा मानले जाते. पण वाजवताना ते सतत गुणगुणत आणि ते गुणगुणणे ध्वनिमुद्रणातही उतरले आहे. माझे लक्ष एकदा तिकडे गेले की पियानोवर परत येत नाही. मात्र या पत्राच्या दृष्टीने गूल्ड यांची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांना स्वतःला मोझार्ट यांचे उत्तरकाळातील संगीत आवडत नसे. मोझार्ट फार लवकर गेले असे सारे जग हळहळत असताना ते फार उशिरा गेले असे म्हणण्यापर्यंत गूल्ड यांची मजल गेली होती, आणि १९६८ साली दूरचित्रवाणीवरून त्यांनी आपले हे मत पियानोवर वाजवून, कारणे देत मांडले. त्याच माणसाने मोझार्ट यांचे सर्व पियानो सोनाटे ध्वनिमुद्रितही केले. नावड जाहीर करायची तर ती अशी, समोर रचना ठेवून आणि तिच्या एकेका वळणावर बोट ठेवून, करावी असे मला वाटते. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, पद्धत पटते.

ही सारी नावे एकत्र लिहून पाहिल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या गुणामुळे हे कलावंत इतरांपासून वेगळे आणि थोर ठरले, बहुतेक वेळा त्याच गुणापाशी मी अडते. अमीर खाँ यांच्या संथपणातून त्यांची गायकी जन्मली, डिलन यांच्या आवाजाने गीताला गोडव्याच्या सक्तीतून सोडवले, कोल्ट्रेन यांनी चौकट मोडली म्हणून पुढच्या पिढ्यांना मोकळे रान मिळाले. खर्जातला अमीर खाँ यांचा आवाज दोन स्वरांत ओळखू येतो, आणि इतकी ठळक मुद्रा ज्याच्यावर आहे ते सर्वांना सारखेच रुचेल हे संभवत नाही. सर्वांना थोडे थोडे आवडणारे आणि कोणालाही न खटकणारे संगीत पुष्कळ असते, पण त्यासाठी शताब्दीच्या पुरवण्या निघत नाहीत. म्हणून एखाद्या थोर कलावंताच्या संगीतात न रमणारे श्रोते असणे ही त्याच्या थोरवीची उणीव मानण्याचे कारण नाही, आणि त्या श्रोत्यांना रसिकांच्या पंक्तीतून उठवण्याचेही कारण नाही.

उलट बाजूने, आपली दाद कितपत आपली असते हाही विचार करण्यासारखा आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी चौदा हजारांहून अधिक लोकांना ऐकायला दिली गेली. काहींना फक्त गाणी दिसत होती, तर काहींना आपल्या गटातील इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड करून घेतले तो आकडाही दिसत होता, आणि असा आकडा पाहणारे गट एकमेकांपासून वेगळे ठेवलेले होते. आकडा दिसत असलेल्या गटांत लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, मात्र वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार सुमार गाणी सहसा शिखरावर पोहोचली नाहीत, परंतु मधल्या सर्वांचे काय होईल हे सांगता येत नव्हते. अमीर खाँ किंवा वाग्नर यांची कीर्ती अशा आकड्यांवर उभी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ती अनेक दशके, अनेक चिकित्सक कानांनी पारखून घेतलेली आहे. माझे म्हणणे एवढेच की नवा श्रोता त्यांच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो आकडा त्याच्या डोळ्यांसमोर आधीच झळकत असतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवून ऐकण्याची संधी त्याला जवळजवळ कधीच मिळत नाही.

संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांना ही गोष्ट फार लवकर कळली होती. त्यांचे बारा स्वरांना समान मान देणारे संगीत मला आजही परके आहे, परंतु १९१८ साली व्हिएन्नामध्ये त्यांनी स्थापन केलेल्या खाजगी संगीतसभेचे नियम मी मनापासून मानते. तेथे टीकाकारांना प्रवेश नव्हता, टाळ्या वाजवायला आणि नापसंती दाखवायला सारखीच बंदी होती, कोणती रचना सादर होणार हे आधी जाहीर केले जात नसे, आणि अवघड रचना पुन्हा पुन्हा वाजवल्या जात. श्रोत्याने आधी ऐकावे, दादेचा निर्णय घाईने घेऊ नये आणि दुसऱ्याच्या टाळीवरून तर मुळीच घेऊ नये, अशी ही व्यवस्था होती. ती सभा जेमतेम तीन वर्षे चालली. ज्याचे संगीत मला भिडत नाही त्याच कलावंताने माझ्यासारख्या श्रोत्याचा इतका विचार केला होता, हे वाचून मला भरून आले होते.

समजणे आणि सुखावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत याला आता प्रयोगांचाही दुजोरा आहे. बार्सिलोना येथील संशोधकांनी २०१४ साली असे लोक दाखवून दिले की ज्यांची श्रवणशक्ती आणि संगीताची ओळख शाबूत आहे, पैसे जिंकण्यासारख्या इतर गोष्टींचा आनंद ज्यांना होतो, पण संगीताचा म्हणून जो आनंद तो अजिबात होत नाही. माझी अवस्था तशी नाही, संगीताने मला आयुष्यात जे दिले ते दुसऱ्या कशानेही दिलेले नाही. पण संपूर्ण संगीताच्या बाबतीत जर समज आणि सुख यांची अशी फारकत होऊ शकते, तर एखाद्या कलावंताच्या बाबतीत ती झाली याचे नवल वाटू नये, आणि ती झालेल्या माणसाला अडाणीही समजू नये.

आपल्याला एक विनंती करण्यासाठी मी हे सविस्तर लिहिले. एखाद्या थोर कलावंतावर आपण लेखमाला किंवा पुरवणी काढाल तेव्हा, त्याची महती सांगणाऱ्या लेखांबरोबर, त्याला दीर्घकाळ ऐकूनही ज्याला आनंद मिळाला नाही अशा एखाद्या जाणत्या श्रोत्यालाही लिहायला सांगावे. त्याने कलावंताच्या स्वभावाविषयी, वागण्याविषयी किंवा खाजगी आयुष्याविषयी एक अक्षरही लिहू नये, केवळ संगीताविषयी लिहावे. कोणत्या रागात, कोणत्या लयीत, कोणत्या क्षणी आपले मन मागे सरते हे त्याने दाखवावे, आणि आपण किती ऐकले हेही प्रामाणिकपणे सांगावे. वरवर ऐकून फेकलेल्या शेऱ्यांना यात जागा नसावी, कारण ते अंध स्तुतीइतकेच निरुपयोगी असतात. असे लेखन छापल्याने कोणाचाही अवमान होईल असे मला वाटत नाही. आज जो तरुण श्रोता एखादे गाजलेले ध्वनिमुद्रण ऐकून काहीच न वाटल्यामुळे खजील होतो, आणि ‘शास्त्रीय संगीत आपल्यासाठी नाही’ असे ठरवून कायमचा दूर जातो, त्याला कदाचित त्यामुळे दुसरा गायक शोधण्याचा धीर येईल. असे दूर गेलेले दोघे-तिघे माझ्या पाहण्यात आहेत. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी अतिविलंबित मारवा ठेवला गेला होता.

आणखी एक मागणे वाचकांकडे आहे. ज्यांना अमीर खाँ मनापासून आवडतात त्यांनी या पत्राला उत्तर द्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. ते थोर का आहेत हे त्यांनी मला पुन्हा सांगण्याची गरज नाही, ते मला ठाऊक आहे. त्या मिनिटभराच्या आवर्तनात, समेपासून समेपर्यंत, त्यांचे मन नेमके कशाला धरून असते, ते मात्र त्यांनी लिहावे. मात्रांना, की स्वरांना, की आवाजाला? माझ्या गुरूंना हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मला झाले नाही आणि आता ते हयात नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक